डबीतला धाकटा

बीडला त्या घरात भाड्यानं राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी मी घरमालकांचा कॉम्प्युटर नळाखाली धरून स्वच्छ धुतला.

हे मी ज्याला ज्याला सांगितलंय त्यानं आधी हेच विचारलंय, की कॉम्प्युटर नळाखाली मावला कसा. त्यात माझी चूक नाही, किंवा थोडीच आहे. टेम्पोतून सामान उतरवून हात कोपरापर्यंत धुळीनं भरले होते. लाईट गेलेली, अंधारून आलेलं. अंगणात नळ, नळाच्या वर भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात एक पोपटी रंगाची साबणाची डबी. प्रवासात नेतात तसली, खाली भोकं असलेली. नळाच्या वर साबणाची डबी दिसल्यावर शहाण्या माणसानं काय समजायचं? डबी उघडेना. साबण भिजून चिकटला असेल म्हणून मी तिच्यावर धार सोडली, चांगली खळाखळा हलवली, मांडीवर आपटली. उघडली तर आत साबण नव्हता. एक हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर मुंग्यांसारखे काळे, चंदेरी ठिपके होते.

मागं कुणीतरी उभं होतं. उंच, काटकुळा माणूस, लेंगा आणि खिशाची बंडी. खिशात पेन असावा तसा टेस्टर. त्यांनी डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जराही आवाज न चढवता विचारलं,

“पाव्हणं, आमच्या धाकट्याला आंघोळ घातली का?”

माझी बायको मागं शेगडी धरून उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोवर ती माझ्यासमोर तोंडावर पदर धरूनच हसायची. त्या दिवशी दोन्ही हात शेगडीला गुंतलेले. त्या घरातलं पहिलं हसू असं माझ्यावरच खर्च झालं, आणि पुढंही त्यात फार फरक पडला नाही.

मी त्यांना काका म्हणायचो, ते मला शेवटपर्यंत ‘पाव्हणं’ म्हणाले. भाडेकरू म्हणजे पाहुणाच, कधीतरी जाणारच, असा त्यांचा हिशेब. बायको काकू म्हणायची ती त्यांच्या बायकोला. ते दोघं खाली, आम्ही वर. थोरला मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्यानं हौसेनं हा एवढासा कॉम्प्युटर घेतला होता, पत्त्यांच्या कॅटाएवढा. हौस फिटल्यावर एका सुट्टीत बीडला आणून टाकून दिला. काकांनी तो उचलला, भोकांमधून हवा खेळते म्हणून साबणाच्या डबीत बसवला आणि ओट्यालगत म्हणून नळावरच्या कोनाड्यात ठेवला. “थोरला पुण्यात हाय, बोलावलं तरी येत न्हाई. हा धाकटा. बटन दाबलं की हजर,” असं ते सगळ्यांना सांगायचे. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

धाकट्याचा संसार मात्र बघण्यासारखा होता. भंगारात निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या बसमधला छोटा पडदा, जो ड्रायव्हरच्या डोक्यावर टांगलेला असतो, तो ओट्यावरच्या खुंटीला अडकवलेला. स्पीकर काठ फुटलेल्या माठाच्या तोंडात उलटा बसवलेला, त्यामुळं त्यातून बोलणारा प्रत्येक नट पोट भरून जेवल्यासारखा बोलायचा. आणि या सगळ्याला जीव होता एका ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीचा. दिवसा लाईट असली की ती चार्ज व्हायची. संध्याकाळी लाईट गेली की सगळ्या गल्लीतले टीव्ही विझायचे, आणि काकांचा लागायचा. नखाएवढ्या कार्डात धाकट्यानं काय काय भरून ठेवलं होतं. जुने काळे-पांढरे सिनेमे, नारायणगडाची यात्रा, कीर्तनं, कव्वाल्या, भीमगीतं, गल्लीतल्या लग्नांच्या कॅसेटी उतरवून घेतलेल्या. “डबीत कुणाचं भांडण न्हाई बघा,” काका म्हणायचे, “सगळे एकाच बॅटरीवर.”

तर त्या पहिल्या संध्याकाळी काकांनी धुतलेला धाकटा बंडीला पुसला, घरात नेला आणि काकूंच्या ज्वारीच्या कोठीत खोल पुरला. ज्वारी पाणी ओढून घेते म्हणाले. तेवढ्यात गल्लीतल्या बाया पोरंबाळं घेऊन आल्या. काकूंनी ओट्यावर सतरंजी टाकलेली होती. “काहून, आज न्हाई का?” एकीनं विचारलं. काकू म्हणाल्या, “नव्या पाव्हण्यांनी धुवून टाकलाय. वाळू दे की.” बाया हसल्या, क्षणभर घुटमळल्या आणि गेल्या. काकू सतरंजी गुंडाळायला बसल्या. एवढीशी सतरंजी, पण गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला. काका दारात उभे राहून सतरंजीकडंच बघत होते. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत. मी जिन्यानं मान खाली घालून वर गेलो.

पुढं धाकटा वाळला. कोठीतून काढून काकांनी फुंकर मारली, वायर जोडली, आणि तांबडा ठिपका लुकलुकला. ती ज्वारी काकूंनी तशीच दळून आणली. त्यातल्या भाकरी आम्हाला वर आल्या, तेव्हा मी आठवडाभर जपून चावत होतो.

काका रिटायर होईपर्यंत सबस्टेशनवर ऑपरेटर होते. म्हणजे भारनियमनाच्या काळात गावाची लाईट ज्या खटक्यानं जायची, तो खटका खाली ओढणारा माणूस. वेळ वरून ठरून यायची, यांनी फक्त हात लावायचा. पण गावाला वरचा दिसत नव्हता, हात दिसत होता. कुणाच्या मालिकेचा शेवट, कुणाची मॅच, कुणाच्या लग्नातलं पाचवं मंगलाष्टक, सगळं यांच्या हातून बंद पडलेलं. सलूनमध्ये गेले की न्हावी अर्धी दाढी करून वस्तरा हवेतच धरायचा आणि विचारायचा, “आज किती वाजता घालवणार?” काका सांगायचे, मग उरलेली अर्धी व्हायची.

त्यामुळं असेल, पण ते माणसं विजेत मोजायचे. एखादा फार बोलणारा आला की म्हणायचे, “ह्याला लोड लई लागतो.” माझ्याबद्दल त्यांचं मत होतं की मी करंट हिटरएवढा खातो आणि उजेड झिरोच्या बल्बाएवढा पाडतो. मी तेव्हा कोर्टात कारकून होतो. हे वाक्य त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोर म्हटलं, आणि सासऱ्यांनी मान डोलावली. धाकट्याचं त्यांना कौतुक होतं ते याचसाठी. मोबाईलच्या चार्जरवर चालतो, गरम होत नाही, पंखा नाही, आवाज नाही आणि घरभर माणसं बसवतो. “पोरगा असावा तर असा,” ते म्हणायचे.

कार्यक्रमाचे त्यांचे दोन नियम होते. पहिला, लाईट असताना धाकट्याला हात लावायचा नाही. “लाईटीवर कुणीबी बघतंय. त्यात काय मर्दुमकी?” दुसरा, सुरू झालेलं मध्ये थांबवायचं नाही. कुणाला पाणी प्यायचंय, कुणाचं पोर रडतंय, दूध उतू जातंय, काही असो. एकदा काकूंचा भाऊ नेकनूरहून आला, पडद्यासमोर उभा राहून नमस्कार-चमत्कार करू लागला. काका म्हणाले, “बस बे खाली. आयुष्यभर थांबवलंय मी, आता थांबणार न्हाई.” मेव्हणा सिनेमा संपेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसला. पिशवीत पेढे होते हे शेवटी कळलं.

ओट्यावरची ती संध्याकाळ मला अजून दिसते. पडद्याचा निळसर उजेड बायांच्या तोंडावर, माठातून घुमणारा आवाज, कुणीतरी सोललेल्या शेंगांची टरफलं. काकू मधोमध. त्यांचं सिनेमाकडं लक्ष नसायचंच. हिची विचारपूस कर, तिच्या पोराला मांडीवर घे, कुणाच्या गुडघ्याला कुठला पाला बांधायचा ते सांग, चालूच. काका मागं भिंतीला टेकून उभे. तेही पडद्याकडं बघत नसत.

आणि मग गावाचं भलं झालं. भारनियमन उठलं. संध्याकाळी लाईट जायची बंद झाली. पेपरात आलं, लोकांनी एकमेकांना सांगितलं, मीही नवा टीव्ही घेतला. त्या संध्याकाळी काकूंनी सतरंजी टाकली. कुणी आलं नाही. घराघरातून वेगवेगळ्या मालिकांचे आवाज येत होते. दुसऱ्या दिवशी टाकली. एक म्हातारी येऊन गेली. तिसऱ्या दिवशी काकूंनी सतरंजी दाराशी आणली आणि न टाकता परत नेली. मी वरच्या गॅलरीतून बघत होतो. काका नळापाशी उभे होते. कोनाड्यात डबी होती.

त्याच्या पुढच्याच संध्याकाळी आमच्या घरातली लाईट गेली.

फक्त आमच्याच. समोर लखलखाट, शेजारी लखलखाट, आणि आमची इमारत काळीठिक्कर. काकांनी वर तोंड करून सांगितलं, “आपल्याच फेजला प्रॉब्लेम हाय. या खाली.” आम्ही खाली गेलो. धाकटा लागला. माठाचा आवाज ऐकून की काय, दोन बाया आल्या. मग रोजच फेजला प्रॉब्लेम होऊ लागला, साधारण त्याच वेळेला, आणि हळूहळू सगळ्या गल्लीच्या बाया पुन्हा आमच्या ओट्यावर. स्वतःच्या घरातला झगझगीत उजेड सोडून माणसं अंधारात येऊन का बसतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. झिरोचा बल्ब.

एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. बायकांना लाईट जाण्याचा वास येतो. दिवस कलला की आमच्या घरात मिक्सर फिरू लागायचा, वाटण-घाटण, दाण्याचं कूट, सगळं भराभर. शेवटचं भांडं उतरलं की लाईट जायची. मी कौतुकानं बायकोला म्हटलंही होतं की तुला कसं गं बरोबर कळतं. ती म्हणाली, “सवयीनं.”

माझी सहनशक्ती संपली ती एका मॅचला. शेवटची ओव्हर, जिंकायला थोड्या धावा, आणि बॉलर पळत निघालेला असताना पडदा काळा. मी तिथल्या तिथं वीज ऑफिसला फोन करून तक्रार दिली. जरा रुबाबातच दिली, कोर्टात असतो हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता लाईनमन आला. मी त्याला पोल दाखवला. तो चढला, बघितलं, उतरला. म्हणाला, पोलवर काही नाही. मग जिन्याखाली गेला. तिथं सगळ्या घराचा मेन स्विच होता, जुना, लोखंडी पेटीचा, बाजूला दांडा असलेला. पेटी गंजून तपकिरी झाली होती. दांडा तेवढा वापरातल्या कडीसारखा चकचकीत. तो खाली पाडलेला होता.

लाईनमननं दांड्याकडं बघितलं. मग ओट्याकडं. तिथं काका भिंतीला टेकून उभे होते, सतरंजी भरलेली होती, आणि काकू कुणाच्या तरी पोराला हसवत होत्या. हा लाईनमन एके काळी काकांच्या हाताखाली होता, हे मला मागाहून कळलं. त्यानं दांड्याला हात लावला नाही. पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाला, “घरातला फॉल्ट हाय, साहेब. जुना हाय. असू द्या.”

कार्यक्रम संपला, बाया गेल्या, काकांनी मेन वर केला, घर उजळलं. मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. काका शेजारी बसले. टेस्टर काढून त्याची टोपी लावत-काढत राहिले. मग बोलले. तेवढं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“मी ड्युटीवर जायचो. इकडं लाईट गेली की बाया आपापल्या ओट्यावर यायच्या, गप्पा हाणायच्या. हिच्या ओट्यावर कुणी न्हाई. हिच्याच नवऱ्यानं घालवलेली ना. नेकनूरची पोर ती, माणसांत वाढलेली. अंधारात एकटी बसायची. मी घरी आलो की विचारायचो, काय केलं? म्हणायची, काय न्हाई, बसले होते.” त्यांनी टेस्टर खिशात अडकवला. “रिटायर होईस्तोवर बसली, पाव्हणं.”

मी म्हटलं, काका, मग लाईट न घालवता बोलवा की बायांना.

“लाईट असल्यावर कोण कुणाकडं जातंय?”

 

उठता उठता त्यांनी माझा दंड धरला. “हे कुणाला कळू देऊ नगा. तुमच्या बायकोला बी न्हाई. बायकांत गेलं की हिच्या कानावर जाईल. आन् मी मुद्दाम करतो म्हणून हिला कळलं, तर उद्यापासनं ही सतरंजी टाकायची न्हाई.”

मी शब्द दिला. आणि तो पाळला, हे मी छाती पुढं काढून सांगतो, कारण माझ्या आयुष्यात छाती पुढं काढण्यासारखं फारसं काही झालेलं नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी लाईट गेली की बायको विचारायची, “आज पण गेली?” मी गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, “फेजचा प्रॉब्लेम.” ती म्हणायची, “हो का?” आणि पदर खोचून खाली जायची. किती भोळी आहे, असं वाटून मला तिची दया यायची.

आमची लेक त्याच घरात झाली. काकूंच्या मांडीवर, त्या निळ्या उजेडात ती डोळ्यांची उघडझाप करायला शिकली. पुढं माझी बदली झाली अंबाजोगाईला. टेम्पोत सामान चढवताना काकांनी मला कोनाड्याकडं बोट दाखवून विचारलं, “जाता जाता हात धुताय का?” निरोपाचं तेवढंच.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी परत बीडला आलेलो होतो, फ्लॅट घेऊन. भेटायला गेलो तर थोरला आलेला होता, भला माणूस, आईला पुण्याला न्यायचं म्हणून सामान बांधत होता. काकू आतून एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीत पोपटी डबी, बसचा पडदा, माठातला स्पीकर, वायरींची गुंडाळी.

“धाकट्याला तुमी न्या,” काकू म्हणाल्या. “थोरल्याकडं लाईट जातच न्हाई.”

आमच्याकडंही जात नाही. पिशवी माळ्यावर गेली. गेल्या आठवड्यात काहीतरी शोधताना ती हाताला लागली. संध्याकाळची वेळ. लेक आतल्या खोलीत टॅबमध्ये डोकं घालून, बायको स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याला मोबाईल टेकवून मालिका बघत, आणि मी हॉलमध्ये भिंतीएवढ्या टीव्हीवर बातम्या लावून हातातल्या मोबाईलमध्ये. घरात तीन माणसं आणि तिघांचे तीन आवाज.

पुढच्या दिवशी दुपारी मी स्कूटरची बॅटरी काढून वर आणली. तांबडी वायर कुठं आणि काळी कुठं यात घोळ झाला, एक ठिणगी उडाली, माझ्या मिशीचा एक कोपरा कमी झाला. पण शेवटी तांबडा ठिपका लुकलुकला. पडदा मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. दिवस कलल्यावर दाराशी गेलो आणि मेन पाडला. आजकाल त्याला दांडा नसतो, एक बोटभर खटका असतो. 

“काय झालं?” स्वयंपाकघरातून.

“लाईट गेली.”

“नेट पण गेलं,” आतून लेक बाहेर आली. खिडकीतून समोरची बिल्डिंग नखशिखांत उजळलेली दिसत होती. तिनं खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या मिशीकडं.  उकडतं म्हणून दार उघडं ठेवलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी, ज्यांचं नावही आम्हाला माहीत नव्हतं, डोकावल्या. “तुमचीच गेली का?” आणि कुणी या म्हणायच्या आत येऊन बसल्या.

मी बटन दाबलं. सिनेमा लागेल असं वाटलं होतं. पडद्यावर आला तो आमचा ओटा. काकांनी कधीतरी मोबाईलवर घेतलेला. सतरंजीवर बाया दाटीवाटीनं, काकू मधोमध, मांडीवर टोपडं घातलेली आमची लेक, आणि तिच्या शेजारी माझी बायको, तोंडावर पदर न घेता, मान मागं टाकून हसत असलेली. काका कुठंच नव्हते. एका कोपऱ्यात त्यांचं बोट आलेलं होतं आणि आवाज येत होता, “हलू नगा, हलू नगा.” कुणीच ऐकत नव्हतं.

लेक पडद्याच्या जवळ सरकली. “ही मी?” आजींनी तिला ओढून शेजारी बसवलं आणि ती कोण, ही कोण, विचारत बसल्या. बायको उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. ती परत आली ती सतरंजी घेऊन. लग्नातली, कधी न उघडलेली. फरशीवर पसरली आणि तिच्यावर येऊन बसली.

संपेपर्यंत कुणी थांबवा म्हणालं नाही.

आजी गेल्या, लेक झोपायला गेली. मी दाराशी जाऊन खटका वर केला. फ्रीज घुरघुरला, पंखा फिरला. मी गंभीर चेहरा करून बायकोला म्हटलं, “फेजचा प्रॉब्लेम असणार.”

ती सतरंजीची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, “उद्या घालवणार असाल तर आधी सांगत जा. काकू सांगायच्या. तेवढ्यात मी मिक्सर उरकून घ्यायची.”